माळवदावरची माती

पत्र्याच्या खोलीला घर म्हणायला मी तयार नाही. जो कुणी म्हणेल त्याला वैशाखातल्या भर दुपारी तिच्यात बसवून बाहेरून कडी घालते, असं मी एकदा चांगल्या शिकल्या-सवरल्या लोकांच्या बैठकीत बोलले होते. समोरचे साहेब हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करते आहे. माझी आई तेव्हा तसल्याच खोलीत राहत होती.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात स्थापत्य शिकवते. शिकवून उरलेल्या वेळात माझा दुसरा उद्योग म्हणजे जुनी घरं. आपल्या जिल्ह्यातली दगड-मातीची घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करून पुन्हा राहती कशी करता येतील, यावर मी बरीच वर्षं संशोधन करते आहे. नाव मोठं, काम साधं. अणदूरपासून येरमाळ्यापर्यंत लोकांच्या घरांत तापमान मोजायची छोटी यंत्रं टांगायची, भिंती ठोकून बघायच्या, खांबांच्या बुडाशी वाळवी शोधायची, आणि ह्या बाईला घरी कामधंदा न्हाय का, हे मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. मुकाट्यानं म्हणजे, मी तसा प्रयत्न करते.

माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. जाड दगडी भिंती, लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. झालं सपाट छप्पर. उन्हाळ्यात बाहेरून आत गेलात की डोळे आपोआप मिटतात, इतकं गार. यात जादू काही नाही. माती सावकाश तापते आणि ती तापेपर्यंत दिवस मावळतो, एवढंच.

आमचं गाव लोहाऱ्याहून जीपनं थोडं पुढं. तिथं आमचंही माळवदाचं घर आहे, लहानसंच, तीन खणांचं. त्र्याण्णवच्या भूकंपात आजूबाजूची घरं बसली, आमचं उभं राहिलं. एक कोपरा फुगला आणि मागच्या भिंतीला चीर गेली. पण गणपती बुडवल्यानंतरच्या त्या पहाटेपासून आई घरात झोपली नाही. आधी अंगणात, मग ताडपत्रीखाली, मग वडिलांनी अंगणात चार दिवसांसाठी म्हणून पत्र्याची खोली उभी केली. वडील त्याच खोलीत वारले. मी शाळेत होते ती कॉलेजात शिकवायला लागले, तरी ते चार दिवस संपले नाहीत. आई घरात जायची ती देवापुढं दिवा लावायला नाहीतर ज्वारी काढायला. दिवा लावला की हात जोडायची तेसुद्धा बाहेर येऊन. अशी ती एकटी नव्हती. आमच्या भागात कितीतरी आळ्यांमधून हेच दिसतं, मागं धडधाकट घर कुलूप लावून उभं आणि पुढं माणसं पत्र्यात भाजतायत.

मग एका वैशाखात आई भाकरी थापता थापता चुलीपुढंच पडली. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून लोहाऱ्याला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. घरातल्या घरात बसलेल्या बाईला ऊन लागतं! मी धाराशिवहून पोचले, दादा पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आला, आणि आम्ही दोघं भावंडं दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडलो.

दादाचं म्हणणं सरळ होतं. दगडाचं घर पाडायचं, त्या जागी स्लॅब टाकायचा, आणि बांधकाम होईस्तोवर आईला पुण्याला न्यायचं. मी म्हणाले, पत्रा दिवसा भाजतो आणि स्लॅब रात्री, फरक एवढाच; शिवाय उभं घर पाडायचं आणि वाळू-सिमेंट ट्रकानं आणून तेवढंच परत बांधायचं, हा कुठला शहाणपणा? आणि आईला तो एकदा पुण्याला घेऊन गेलाच होता. सातव्या मजल्यावर ती रात्रभर पलंगाच्या कडेला बसून राहायची आणि खाली किती माणसं झोपल्यात असं विचारायची. महिन्याच्या आत परत आली होती. हे सगळं मी बोलून दाखवलं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझे कॉलेजचे प्रयोग आईवर करू नकोस."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की शेजारच्या बाकावरचे लोक उठून लांब जाऊन बसले. अख्ख्या जिल्ह्यातल्या परक्या घरांत मी शिरणार आणि माझी आई पत्र्यात शिजणार, हे मला मान्य नव्हतं. मी त्याला सांगितलं, पुढच्या वैशाखापर्यंत घर माझ्या ताब्यात दे. मी ते असं करते की पुन्हा जमीन हलली तरी आईला बाहेर पळायला वेळ मिळेल. तोवर आई त्या घरात राहायला गेली नाही तर जेसीबी मीच बोलावते आणि आईला तुझ्या गाडीत मीच बसवते. दादा म्हणाला, ठरलं. आईला कुणीच विचारलं नव्हतं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, माझं काय करायचं ते तुमी दोघं ठरवा, मला आधी कपभर च्या द्या.

गवंडी मिळायला दिवाळी उजाडली. लोहाऱ्याचे एक चाचा शेवटी तयार झाले. त्यांच्या वडिलांनी दगडाची घरं बांधली होती आणि चाचा आता नुसते स्लॅब टाकत होते. त्यांना माझं काम म्हणजे उलटी गंगा वाटत होती. रोज सकाळी आधी आमचा वाद व्हायचा, मग चहा, मग काम. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरायचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, धडक्या भितीला भोकं पाडतीस, मॅडम, लोक मला येडं म्हणतील. मी म्हणाले, मला केव्हाच म्हणायला लागलेत, तुम्ही माझ्या मागं उभे राहा. आमच्या दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात, मधे नुसती माती भरलेली असते. हादरा बसला की भिंत फुगते आणि दोन सालपटं वेगळी होतात. ती सळई त्यांना बांधून ठेवते. खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरपे लाकडी टेकू ठोकले, म्हणजे खांब कलंडणार नाही. हे सगळं चाचांनी कुरकुरत का होईना, पण नीट केलं.

खरं काम मात्र वर होतं. आमच्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची रीत आहे. गळू नये म्हणून. गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे पडक्या गावठाणाच्या टेकाडातून, ती मऊ माती खणून आणायची आणि बायकांनी पाट्या डोक्यावर घेऊन शिडीनं वर न्यायची. नवी टाकतात, पण जुनी काढत कुणी नाही. घर नीट ठेवणारी बाई कोण, तर जिचं माळवद जाड. सासू सुनेला शिकवते, सून तिच्या सुनेला. अशानं आमच्या माळवदावरची माती मांडीपर्यंत चढली होती. फावड्यानं कड सरळ तासली तर एकावर एक थर दिसत होते, मधे मधे कुजलेल्या पाल्याची काळी रेघ. एकेक थर म्हणजे आईच्या डोक्यावरून गेलेला एकेक वैशाख.

माती उतरवायला लागलो तसे लोक जमले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? आई पण खाली चाचांच्या माणसांना पाणी देत उभी होती. आमचे एक चुलते काठी टेकत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की दगडानं माणसं मारली हे अख्ख्या दुनियेला माहीत हाय, आन् ही शिकलेली पोरगी त्योच दगड कवटाळून बसलीय. मी माळवदाच्या कडेला उभी राहिले आणि म्हणाले, "काका, दगडाला नंतर शिव्या द्या. आधी ही माती बघा. एवढं वझं डोक्यावर ठेवलं तर हललेली भिंत सावरणार कशी? दरसाल पाटी पाटी चढवून आपणच हे घर मारकं केलं."

हे मी बरोबर बोलले होते. उद्या कुणी विचारलं तर पुन्हा हेच बोलेन, अजून मोठ्यानं. दोघा-तिघांनी माना हलवल्या, मला बरं वाटलं. खाली बघितलं तर आई तिथं नव्हती. पाण्याची कळशी तेवढी जमिनीवर ठेवलेली होती.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. सकाळी उठून शेतात जायची, आली की पत्र्याच्या खोलीत पाठ करून बसायची. मला वाटलं, जन्मभर वाहिलेल्या मातीला मी चारचौघांत नावं ठेवली म्हणून रुसली. मीही काही कमी नाही. मीही बोलले नाही. दोन-तीन दिवसांनी शेतात हरभऱ्याची भाजी खुडताना तिनं मान वर न करता मावशीचा विषय काढला.

मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, तेरणेच्या पलीकडं दिलेली. भूकंपात ती गेली हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला जे ठाऊक नव्हतं ते आईनं आता सांगितलं. त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी मावशीची कंबर धरली होती म्हणून आई तिच्या मदतीला गेली होती आणि मावशीच्या घरावरची माती आईनं टाकली होती. मावशी खालून पाटी भरून देत होती, आई वर पसरत होती. मावशी म्हणाली, आक्का, बास झालं. आई म्हणाली, अजून टाकू, तुझ्या सासरचे म्हणतील म्हायेरची माणसं आली आन् चुळकाभर माती टाकून गेली. आणि टाकली. ते छप्पर त्या पहाटे मावशीवर आलं.

"आता तू सांग," आई म्हणाली. "तू शिकलीस. ते वझं म्या ठिवलं का न्हाय?"

मला कुणी काही विचारलं की उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. खोटं बोलता आलं असतं. नियतीच तशी होती, देवानंच नेलं, असलं काहीतरी, जे सगळे बोलतात. पण असल्या बोलण्याची मला मुळात चीड आहे. घर पडतं त्याला कारण असतं, आणि कारण दडवलं की ते पुन्हा पडतं. मी तिला म्हणाले, व्हय, ठेवलंस. तू ठेवलंस, मावशीनं ठेवलं, तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनं ठेवलं, आणि त्या भिंतीही तसल्याच होत्या. तुमच्यातल्या एकीलाही कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, सांगितलं असतं तर ऐकलं असतं की. आणि पुन्हा भाजी खुडायला लागली. मी बांधाच्या पलीकडं जाऊन रडले. मला राग आला होता. ज्यांना लोक अडाणी म्हणून मोकळे होतात त्या बायकांना उभ्या आयुष्यात कुणी एक धड गोष्ट सांगत नाही, याचा तो राग होता. तो अजून गेलेला नाही आणि मला घालवायचाही नाही.

होळीपर्यंत घर झालं. माळवदावर आता प्लॅस्टिकचा जाड कागद आणि त्यावर फक्त वीतभर माती. गळायचं नाव नाही आणि ओझंही नाही. भिंती आतून चुन्यानं उजळल्या, मागच्या भिंतीत वरच्या अंगाला वाऱ्यासाठी झडप काढली. मी आत यंत्र टांगलं, एक पत्र्याच्या खोलीत टांगलं, आणि दोन्हींवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून दादाला फोटो पाठवला. दादाचा उलट निरोप आला, आई कुठल्या खोलीत आहे?

घोडं तिथंच पेंड खात होतं. आई घरात जायला तयार नव्हती. पाडवा झाला, ऊन तापायला लागलं, मी सुट्टी टाकून गावाला येऊन राहिले. मी तिची बाज आत नेऊन ठेवायची, ती परत ओढून पत्र्यात आणायची. मी समजावलं, टेकू दाखवले, भिंतीला खांदा लावून दाखवला. शेवटी भांडले. तुला जित्तंच भाजून घ्यायचंय का, असं मी आईला म्हणाले. ती म्हणाली, तुझं घर लई चांगलं झालंय बाय, तू ऱ्हा. दादाचा फोन आला, की अक्षय तृतीया झाली की तो येतोय आणि जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय. तो चिडलेला नव्हता. एवढ्या वर्षांत आई पडल्याचा फोन येईल या भीतीनं तोही झोपला नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी त्याला सांगितलं, की येताना जेसीबीच्या पुढं मला उभं बघायची तयारी ठेव.

उतरवलेली माती अंगणात ढीग करून पडली होती. गावाची जुनी पांढरी खणून खणून संपत आलेली, चांगली माती आता सहज मिळत नाही. तेव्हा त्या ढिगावर सगळ्या आळीचा डोळा होता. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी आमची काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि दोन माणसं घेऊन आली. तिच्या माळवदावर टाकायला माती हवी होती. विचारायचा प्रश्न नव्हता. आमच्याकडं विरजणाला आणि पांढरीला कुणी नाही म्हणत नाही. माणसांनी फावडी लावली. मी तोंड उघडणार एवढ्यात आई पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली आणि ढिगावर जाऊन बसली. अनवाणी, त्या उन्हात.

काकूला आधी वाटलं थट्टा आहे. मग म्हणाली, बाई, पांढरीला न्हाय म्हणता व्हय? आजवर कुणी म्हणलं न्हाय.

"म्या म्हणते," आई म्हणाली. "माझ्या बहिणीच्या घरावर म्या अशीच टाकली. ती बास म्हणाली तरी टाकली, आन् ती त्याच मातीखाली मेली. तुझ्या माळवदाखाली तुझा नातू झोपतो. आधी जुनी उतरव. मग वीतभर टाकायला म्या सोता शिडी चढून येते. तवर ह्यातलं ढेकूळ उचलू द्यायची न्हाय."

तीसेक वर्षं जे तिनं वडिलांनाही सांगितलं नव्हतं ते ती आळीसमोर बोलली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चारचौघांत अपमान झाला होता आणि तीही आमच्याच घरात नांदलेली बाई. ती म्हणाली, "एवढं ग्यान हाय, तर सोता का पत्र्यात मरायलीस? ते घर काय लोकाला दाखवायला केलंय?"

मी पुढं झाले. काकूला मी काय काय बोलले असते ते आता सांगण्यात अर्थ नाही, कारण आईनं हातानंच मला थांबवलं. ती ढिगावरून उठली, लुगड्याची माती झटकली आणि पत्र्याच्या खोलीत गेली. मला वाटलं, संपलं. परवा दादा येणार, मी हरले. तेवढ्यात ती बाहेर आली तर काखेत वाकळ आणि उशी. कुणाकडं न बघता ती अंगणातून चालत गेली, घराची पायरी चढली आणि आत गेली.

कुणी हललं नाही. मी पायरीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. आपण काही बोललो तर मोडेल, असं वाटून श्वाससुद्धा हळू घेत होते. आतून वाकळ झटकल्याचा आवाज आला. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसली. मधल्या खांबाला पाठ लावून ती पाय पसरून बसली होती आणि वर बघत होती. खांबावरून तुळईवर, तुळईवरून फळ्यांवर, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिचे ओठ हलत होते. मावशीशी बोलत असेल, देवाशी बोलत असेल, मी कधी विचारलं नाही. मग ती कुशीवर झाली आणि उशी डोक्याखाली ओढून घेतली.

भूकंपानंतर ती दिव्यापुरती जरी आत गेली, तरी दाराला दगड लावून ते सताड उघडं ठेवायची, पळता यावं म्हणून. आताही सवयीनं मीच तो दगड पायानं सरकवून दाराला लावत होते. तो आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"त्यो दगड काढ," आई म्हणाली. "दार लोट. ऊन आत यायलंय."